बाहेरचं मैदान

शामोकिन, पेनसिल्व्हेनिया. ग्रंथालयाच्या तळघरात
माझ्या टेबलावर नोंदणीसाठी आलेली पेटी, क्रमांक सतरा:
आयव्हर प्रॉसर, लेफ्ट फील्ड.
बुटांचा जोड, तळाचे खिळे गंजलेले.
करारपत्र, महिना दीडशे डॉलर.
बहिणीला लिहिलेलं एक पत्र,
त्यात खेळाबद्दल अवाक्षर नाही,
खानावळीतल्या कोबीबद्दल मात्र पानभर तक्रार.

नवव्या वर्षी तो खाणीवरच्या चाळणघरात बसायचा,
वाहत्या कोळशातून दगड वेचत.
काळ्यातून काळं निवडायचं,
चुकलं की मुकादमाची छडी.
म्हणूनच असेल,
तंबाखूच्या थुंकीनं मातकट झालेला चेंडू
सातव्या डावानंतर, गिरण्यांच्या धुरात
कुणालाच दिसेनासा झाला
तरी याला सापडायचा.
ठोका टणक वाजला तर मागे.
पिचका वाजला तर पुढे.
डोळे नंतर पोचायचे.

मी सांगलीत टेनिसच्या चेंडूवर इतके झेल सोडलेत
की मला कायम बाभळीपाशी उभं करत.
त्यामुळे बाहेर उभं राहणं मला ठाऊक आहे:
सगळा गलका तिकडे,
आपण इकडे, गवताच्या काड्या मोडत,
दोन तासांत एकदा येणाऱ्या चेंडूसाठी
पुरते दोन तास जागे.
हे कुठल्या तक्त्यात येत नाही.
तक्त्यात येतं: सामने एकेचाळीस, चुका एक.

ती एक.
‘शेंबड्या पोरानंही धरला असता,’ असं कात्रण म्हणतं.
कात्रण त्यानंच कापून ठेवलंय.
कडा अगदी सरळ.

तेव्हा रीत होती: डाव संपला की
हातमोजा तिथंच गवतात टाकून बॅट धरायला यायचं.
दोन्ही संघांचे मोजे शेजारी शेजारी,
देवळाबाहेरच्या वहाणांसारखे.
एकोणीसशे तेराच्या जूनमध्ये, खेळ चालू असतानाच
मॅनेजर बाकावर सरकून बसला,
म्हणाला, आता बाहेर जाऊ नकोस.
मोजा दीडशे पावलांवर.
दीडशे जायची, दीडशे यायची,
भरल्या मैदानादेखत.
त्यानं बूट काढले
आणि मागच्या फाटकातून स्टेशन गाठलं.

पेटी द्यायला आलेली नात, ग्वेनिथ कोवालिक, सांगत होती:
पुढं तीस वर्षं रेशीम गिरणीत रात्रीचा राखणदार.
घरात खेळाचं नाव नाही.
फक्त दोरीवरचे कपडे तोच काढायचा,
आणि चादर वाऱ्यानं सुटली
तर तिच्याकडे पाठ करून पळायचा,
आणि मग एकदम वळायचा.
एकही खाली पडली नाही, म्हणाली.

यादीत ‘हातमोजा’पुढे मी ‘नाही’ लिहिलं.
खोडून ‘हरवला’.
तेही खोडलं.
शेवटी लिहिलं: डावीकडे, गवतात,
तळवा वर, दव पडलेलं.
वरिष्ठ बाई हे कापणार.
कापू देत.