पाहण्याचे पैसे

नवख्याला थाप मारू नये.
हे मला कुणी शिकवलं नाही.
हॅव्हर गावात, मालगाड्यांच्या यार्डामागे,
बारच्या आतल्या खोलीत,
बाहेर उणे तीस आणि आत हिरव्या बनातीचं टेबल,
असे बावीस हिवाळे बसून मी ते विकत घेतलं.

थाप कळायलाही अक्कल लागते.
ज्याला स्वतःच्या हातातलीच पानं धड दिसत नाहीत
तो तुमच्या पानांची धास्ती कशाला घेईल?
टेव्हिनचं बघा. पवनचक्क्यांवर चढणारा पोरगा,
शुक्रवारचा पगार गुरुवारीच हरणारा.
दोन पानं एका रंगाची आली
की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.
त्याला घाबरवायचं नसतं.
चांगलं पान येईपर्यंत गप्प बसायचं,
आलं की लावायचे, भरपूर,
आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघितल्यासारखं करायचं.

कंटाळा हेच माझं भांडवल.
शंभरातले ऐंशी डाव मी टाकून देतो,
कॉफी पितो, लाइल रूर्कच्या गुडघ्याची कथा
पुन्हा पहिल्यापासून ऐकतो.
ज्यांना हुशारी दाखवायची हौस होती
ते इथून केव्हाच गेले, हुशार आणि कफल्लक.

पण सांगायचं होतं ते आर्डिसबद्दल.

आर्डिस हॉफस्टाड दर गुरुवारी येते,
कोट खुर्चीला अडकवते, हातमोजे खिशात कोंबते,
शंभर डॉलरच्या चिप्स पुढ्यात पसरते
आणि एकही डाव सोडत नाही.
हातात दुरी-सत्ती असो,
समोर चार बदाम उघडे पडलेले असोत,
"बघू तर," म्हणते, आणि पैसे सारते.
हरते.
मग माझी पानं निरखून बघते,
वाण्याच्या पावतीवरचा आकडा ताडून पाहावा तशी.
"हं." पुढचा डाव.

दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात.
ही तर लाथसुद्धा मारत नव्हती.

पत्ते वाटते ती व्हर्लीन.
एकदा मागच्या दाराशी सिगरेट ओढताना
सहज म्हणाली,
"तिचा नवरा रे. यार्डात, दोन डब्यांच्या मधे.
पेटी बंदच ठेवली होती. तिला उघडू दिली नाही."
आणि थोटूक विझवून आत गेली.

त्यानंतर मी बदललो, असं लिहायला हवं.
त्या रात्री मी तिचे एकशे चाळीस जिंकले.

फेब्रुवारीतली गोष्ट. तिच्यापुढे अकरा चिप्स उरलेल्या.
माझ्या हातात दोन नव्व्या, टेबलावर तिसरी,
शेवटचं पान किलवरचा गुलाम.
मी नेहमीसारखं लावलं, तिला झेपेल एवढंच;
घाबरून कुणी पळू नये, इतकंच मागायचं असतं.
तिचा हात चिप्सवर गेला. थांबला.
टेव्हिनने फोन पालथा ठेवला.
बाहेर इंजिनाने गाडी ओढली
आणि डब्यामागून डब्याला बसलेला हिसका
ठण् ठण् करत लांबवर गेला.
आर्डिसने पानं तशीच मिटून पुढे सरकवली.
"नको," म्हणाली. "राहू दे."

पैसे मोजल्याशिवाय पान दाखवू नये.
हा तर पहिला नियम, थापेच्याही आधीचा.
फुकट दाखवलेलं पान पुढच्या दहा डावांची चुगली करतं.
ढीग माझाच होता.
पानं व्हर्लीनकडे भिरकवायची, झालं.

मी ती उलटली. इस्पिक नव्वी. चौकट नव्वी.

आर्डिस पुढे वाकली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"तुला काय वेड लागलं?" लाइल म्हणाला.
ती बघत होती.
कुणी तिला घाई केली नाही.
"हं," म्हणाली शेवटी.

पुढच्या गुरुवारी ती नवे शंभर घेऊन आली.
पहिल्याच डावाला, पंजी-तिरी हातात धरून,
"बघू तर."
मी लावले, भरपूर.
खिडकीबाहेर बर्फ पडत होता.
तो मी खरंच बघत होतो.