राहतो दुसरीकडे

पहिल्यांदा ऐकला तो पलासियाच्या सिग्नलला,
गाडी उभी असताना. टिक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टिक् टिक् टिर्र,
डबा हलवून बघावं साबुदाणा किती उरलाय, तसं.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला.
पंक्चरची पावती, दोन पेनं, जिरावणाची पुडी,
चष्म्याचं घर, चष्मा नसलेलं.
पाण्याच्या बाटल्या काढल्या, जॅक जुन्या चादरीत गुंडाळला,
बांगड्यासुद्धा काढून पर्समध्ये ठेवल्या.
टिक्.

छावणीतल्या नासिर उस्तादांनी एक चक्कर मारली.
त्यांच्या हाताखाली गाडी एकदम शहाणी,
एक शब्द नाही.
"दीदी, पुरानी गाडी है, बोलेगी तो सही,"
म्हणाले, आणि पैसे घेतले नाहीत.
तेच जास्त लागलं.

घरात कुणालाच ऐकू येत नव्हता.
नवरा म्हणाला, रेडिओ लाव.
मुलगी म्हणाली, आई, तुला सगळंच ऐकू येतं.

मोरूमामाला मी त्यासाठी गाडीत घेतलं नव्हतं.
नंदानगरहून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, इतकंच.
बत्तीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात.
मिल बंद पडली,
त्याचे कान त्याच्या बरेच आधी.
त्याच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ मोठे हलवून;
गाडी चालवताना ते जमत नाही, म्हणून आम्ही गप्प.

पाटनीपुऱ्याच्या खड्ड्यांवर
त्यानं डॅशबोर्डवर हात ठेवला,
ताप बघावा तसा,
आणि ओरडला (तो नेहमी ओरडूनच बोलतो)
"ही कुठं तरी वाजतेय गं!"

मी ब्रेक मारला.
मागचा ऑटोवाला "क्या भिया" म्हणत निघून गेला.

डोळ्यांचा डॉक्टर राहिला.
बायपासला लागलो. काचा वर, एसी बंद,
मे महिना, दोघंही निथळत.
चाळीसवर ठेव. आता साठ.
आता डावं चाक कडेच्या पट्टीवरून ने.
आणि त्याचा तळवा फिरत राहिला
दारावर, छताच्या कापडावर, पट्ट्याच्या बकलावर,
कधी नख, कधी नुसतं मनगट टेकवून.
डॅशबोर्डवर परत आला, मान हलवली.
"इथं नाही. इथं नुसता पाहुणा येतो.
राहतो दुसरीकडे."

मग मागच्या सीटवर आडवा झाला,
एकोणऐंशीव्या वर्षी, चपला काढून,
गाल प्लॅस्टिकला लावून.
मला आरशात फक्त त्याचे पाय,
मोजे दोन रंगांचे.

"सापडला!"
उजव्या खांबाच्या आत, तुटकी क्लिप,
तिच्यामागे पत्र्याशी खेटलेला एक चिमटा.
करंगळीएवढी जागा.
त्यानं रुमाल काढला, दातांनी चिंधी फाडली,
घडी घातली, उलगडली, आणखी पातळ घातली,
आणि पेनानं आत सारली.
"लोखंडाला लोखंड लागलं की कटकट.
मध्ये कापड पाहिजे."
शहाणपण म्हणून नाही म्हणाला.
चिंधी नीट बसली का, ते बघत होता.

परतताना गाडीत इतकं शांत
की त्याचा श्वास ऐकू येत होता, थोडा शिट्टी मारणारा.
त्याला कळणार कसं, आवाज गेला ते?
डॅशबोर्डला त्यानं हात लावला नाही.
माझ्या तोंडाकडे बघत बसला.
एक ब्रेकर गेला, दुसरा,
तिसऱ्याला माझं कपाळ सैल झालं असावं.
"हां," म्हणाला,
आणि ओरडून पोहे मागितले.

आज सकाळी रिंग रोडवर, चौथ्या गिअरला,
मागे, डावीकडे, फार बारीक:
टुक्.

फोनवर सांगून उपयोग नाही, त्याला ऐकू येत नाही.
गाडीच घेऊन जावं लागेल.