उलटा वारा

आमोद्याच्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला
तेव्हाच कळलं, पंखा गेला.
मे महिन्यात काचा खाली, हीटर चालू,
इंजिनाचा ताप अंगावर घेत
सावद्यापर्यंत आले मी.

मेकॅनिक म्हणाला, सोमवारी.
हनीफभाईच्या भंगारात मिळाला, नऊशेला.
पात्यांवर कुणाच्या तरी रस्त्याचा चिखल वाळलेला,
तो नखानं खरवडत बसले. का, ते माहीत नाही.

सहा वाजले तरी बॉनेट चावत होतं.
आधी बॅटरीची मायनस काढली. मग चार बोल्ट.
तीन सुटले.
चौथ्याला गोडंतेल, हातोडी, शिव्या, परत गोडंतेल.
शेजारचा देवांग मोबाईलचा उजेड धरून,
उजेड मात्र त्याला बघायचं असेल तिकडे.
सुटला शेवटी,
माझ्या बोटाचं सालपट घेऊन.

जुन्याची पाती धड होती सगळी.
आतून जळका वास.
आईनं ओट्यावरूनच ओळखला,
‘कार्बन गेले त्याचे.’
नव्याचा सॉकेट बसेना,
तारा कापल्या, पिळल्या, काळी टेप गुंडाळली.
चावी. एसीचं बटण.
आणि फिरला!
जाळीसमोर उभी राहिले डोळे मिटून,
दिवसभरात पहिल्यांदा तोंडावर वारा.
देवांगनं टाळ्या वाजवल्या.

‘तुले वारा लागतो ना?’ आई म्हणाली,
‘मंग उलटा हाय.’

सव्वीस वर्षं पिठाची गिरणी चालवली तिनं.
वायरमन खांबावरून उतरून गेला
की कधीकधी मोटर उलटी फिरायची,
बायका डबे घेऊन रांगेत,
आणि आई रबरी चप्पल घालून
बोर्डातल्या दोन तारा बदलायची, मुकाट्यानं,
भुवयांवर पीठ.

टेप सोडली. काळीच्या जागी लाल.
आता पंखा आत ओढत होता, इंजिनाकडे,
आमच्या वाट्याला नुसती झळ.
आईनं घरातून कॅलेंडरचं फाडलेलं एप्रिलचं पान आणलं,
जाळीला लावून हात काढला.
पान चिकटून राहिलं, थरथरत.
ती बघत राहिली. मीही.
काटा मध्यावर. पंखा थांबला.
पान खाली पडलं.

आईनं उचललं, झटकलं,
मागच्या बाजूचा हिशेब डोळ्यांजवळ नेला:
‘अव, दुधाचे दोन खाडे
धरलेच नाही आपण.’