तबरीझची टांकसाळ

बादशहा मला उलटाच ठाऊक :
पोलादी ठशावर
डावीकडून उजवीकडे कोरलेला.
चेहरा कधी पाहिला नाही.

गादीवर आला त्या साली चांदी जाड होती,
नाव अख्खं उमटायचं, किताबांसकट.
मग एरवानची लढाई. पुन्हा एरवान.
नाणं नखाएवढं झालं,
नावाची शेपटी काठाबाहेर सांडू लागली.
यारकुली म्हणाला, ‘हळू ठोक, दुखेल त्याला.’
हसलो आम्ही, दार लावून.

आज नगारा नाही, आक्रोश नाही.
दारोगा एवढंच म्हणाला,
‘संध्याकाळपर्यंत नवा ठसा.’
जुना माझ्याच घणानं फोडला.
नवं नाव आखूड आहे, बरं झालं;
डोळे अधू झालेत.

रात्री परीजाननं विचारलं, कोण गेलं?
पिठात बोटानं लिहून दाखवलं.
मुल्लाची लेक ती, वाकून पाहिलं तिनं.
म्हणाली, हे तर
कुणाचंच नाव नाही.