बर्फाच्या कारखान्यात सराव

जगात जर्मनी, भारतात परभणी.
ही म्हण कुणी काढली माहीत नाही,
पण तिच्या भरवशावर आम्ही चौघं
तीन वर्षांपासून भिशी भरतोय.

तिकडं आमचा क्लब आहे.
नाव अजून नीट जमत नाही.
मुजीब एक म्हणतो, केरबा दुसरंच,
अर्शिया म्हणते, तुम्ही नुसतं ओरडा,
ओरडण्याला कुठं स्पेलिंग असतं?
खाणी बंद पडलेलं गाव,
हिरवी-काळी जर्सी,
आणि हरण्याची अशी जुनी सवय
की पहिल्याच रात्री वाटलं,
ही तर आपल्यातलीच माणसं.

वसमत रोडला माझं दुकान आहे:
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म.
अर्ध्या शहराचं उत्पन्न मला पाठ आहे,
कुणाचं जातीत अडलं, कुणाचं जन्मतारखेत.
स्वतःचा फॉर्म मात्र पहिल्यांदाच भरतोय.
प्रवासाचं कारण?
'पर्यटन' लिहायचं असतं, मलाच माहीत,
तरी कर्सर कितीतरी वेळ
लुकलुकत ठेवला.

मग खाली तो रकाना:
तुम्ही परत याल, याचा पुरावा जोडा.

मुजीबनं वेल्डिंगच्या दुकानाचं लायसन दिलं,
आणि वर उरसातल्या आकाशपाळण्याचा फोटो.
म्हणाला, ह्याचे नट दरसाल मीच आवळतो,
लिही तसं, उरूस उठल्याशिवाय निघायचो नाही
आणि पुढच्या उरसाला इथंच असणार.
केरबा एसटी डेपोत मेकॅनिक.
रजेच्या अर्जावर साहेबानं विचारलं,
लग्न आहे का मयत?
तो म्हणाला, मॅच.
साहेबानं पेन खाली ठेवलं.
अर्शियाकडं अकरा पोरी आणि बुटांचे सात जोड,
कोण कधी अनवाणी खेळणार याची वही.
तिनं वहीच जोडली.
माझ्याकडं काय?
एक शटर. ते खाली ओढताना
मधेच अडतं, लाथ घालावी लागते.
ते कशात स्कॅन करायचं?

मे महिन्यात भिशी पूर्ण झाली
आणि त्याच आठवड्यात क्लब बुडाला.
शेवटची मॅच, शेवटची दोन मिनिटं,
मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला,
खालच्या विभागात गेलो.
गेले नाही. गेलो.
दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला फोन केला नाही.
तिसऱ्या दिवशी माझा भाऊ म्हणाला,
आता कामून जायलाव तिकडं? संपलं की.
केरबा तिथंच चहा पीत होता.
म्हणाला, लेका, पाहुणा पडला
तर दवाखान्यात जातूस का नाही भेटायला?

रॉल्फ म्हणून तिथला एक म्हातारा,
चाळीस वर्षं त्याच कठड्याला टेकून उभा राहणारा.
त्यानं लिहिलं: माळ्यावर तीन गाद्या आहेत,
चौथ्यानं सोफ्यावर झोपावं.
आमच्याकडं बसायच्या खुर्च्या नाहीत,
उभं राहावं लागतं.
फेब्रुवारीत उणे सहा.

सहा आम्हाला माहीत आहे,
डिसेंबरात पारा तिथं आला की
शेकोटीसकट पेपरात फोटो येतो आमचा.
उणे माहीत नाही.

म्हणून आज, बाहेर चव्वेचाळीस असताना,
जिंतूर रोडच्या बर्फाच्या कारखान्यात
बद्रीसेठच्या हातापाया पडून
आम्ही लाद्यांमधी उभे आहोत.
गळ्यात शिंप्याकडून शिवून घेतलेले मफलर,
हिरवा जरा पोपटीकडं गेलाय.
मुजीबनं गाणं सुरू केलं,
शब्द त्यालाही माहीत नाहीत,
चाल निम्मी कव्वालीची.
तोंडातून वाफ निघायली
आणि आम्ही एकमेकांची वाफ बघायलोत
येड्यासारखे.

पंचविसाव्या मिनिटाला केरबा विचारतो,
हाफटाइम कधी?
साठाव्या मिनिटाला माझी बोटं गेली.
सेठ दार ढकलून आत डोकावतो,
उन्हाचा एक पट्टा लादीवर पडतो,
पोरहो, मरताल, निघा आता.
अर्शिया दात वाजवत म्हणते,
दार लावा काका.
एक-शून्यनं मागं आहोत.