कर्ता गाळला तरी चालेल

ग्रिम्सबीत मंगळवारी साडेसहाला
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
आधी मासळीचा वास येतो, मग माणसं.
कितीही साबण चोळा,
हॅडॉक नखांत उरतोच.

ग्लेनिस ऑर्ड फळ्यावर लिहिते:
द नर्स लुक्ड आफ्टर द बॉय.
"आता फिरवा. मुलाला पुढे आणा."

शेरको उठतो. दिवसभर बर्फात राबलेली बोटं,
मार्करचं टोपण निघता निघत नाही.
द बॉय वॉज लुक्ड.
आणि हात झटकतो, क्रेट उतरवून झाल्यासारखे.

"आफ्टर कुठे गेला?"
शेरको फळ्याखाली वाकून बघतो,
न जाणो, पडला असेल.
दाइवा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते.
"बघ," ग्लेनिस म्हणते, "यू वेअर लाफ्ड ॲट.
ॲट काढलास
तर तुला कोणी हसलंच नाही."

एवढेएवढे शब्द. आफ्टर, ॲट, ऑफ, डाउन.
वाक्य कूस बदलतं,
कर्म उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतं,
तरी हे क्रियापदाचं बोट सोडत नाहीत.
गाळायचाच तर कर्ता गाळा.
बाय लावून शेपटाशी उभा करा,
नाहीतर तेवढंही नको.
सगळ्यांना ठाऊक असेल तर नको.
कोणालाच सांगायचं नसेल
तर नकोच नको.

लेतेब्रहान पिशवीतून पत्र काढते,
घड्यांवर फाटत आलेलं.
युवर क्लेम हॅज बीन टर्न्ड डाउन.
"डाउन आहे," ती म्हणते. "बाय नाही."
ग्लेनिस चष्मा काढते, पुसते, परत घालते.
"बरोबर आहे," म्हणते,
"व्याकरण बरोबर आहे."
हीटर तेवढा टकटक करत राहतो.

मग जोड्या. एकाने कर्मणी लिहायचं,
दुसऱ्याने ते कर्तरी करायचं.
लेतेब्रहान लिहिते:
माय ब्रदर वॉज लेफ्ट बिहाइंड.
दाइवा कागद ओढते, पेन टेकवते, थांबते.
सुरुवातीलाच कोणीतरी हवं.
"कोणी?" ती हळूच विचारते,
फक्त वाक्यापुरतं.

लेतेब्रहान कागद परत घेते.
दाइवाला वाटतं, चुकून रेघ मारली हिने,
एकच, उभी.
इंग्रजीत 'मी' तेवढाच असतो.
पुढे सगळं रीतसर,
लेफ्ट, भाऊ,
आणि बिहाइंड, जिथल्या तिथे.

ग्लेनिस कागद वाचते.
बरोबरची खूण करायला हात उचलते
आणि पेन बंद करते.

आठला राखणदार किल्ल्या वाजवत येतो.
खोली अंधारते.
जिन्यात शेरको म्हणतो, एकेक पायरी चाचपत:
द लाइट्स वेअर टर्न्ड
…ऑफ.
"बाय?" खालून कोणीतरी.
"बाय डेरेक," तो म्हणतो, "आपला डेरेक."
लेतेब्रहान काही बोलत नाही.
दाइवा तिच्या पिशवीचा एक बंद
आपल्या हातात घेते.