काळा भोवत्या

जानेवारीतला शेवटचा रविवार. भूमच्या पुढचा माळ.
हसीबच्या दुर्बिणीचा डावा डोळा धुरकट,
माझ्या पुस्तकाची शिवण उसवलेली,
शिकारी पक्ष्यांची पानं वेगळी, रबरात बांधून.

बांधापलीकडे करडई पिवळी काट्यांसकट,
अलीकडे नुसती कुसळं
मोज्यांत, बाह्यांत, डब्यातल्या भाकरीतही.
आणि त्या कुसळांवरून, पुरुषभर उंचीनं,
एक काळा.

घार नव्हे. शेपूट दुभंगलेली नाही.
तीसा नव्हे. तीसा इतका वेळ हवेत राहत नाही.
शिक्रा तर नव्हेच, मी म्हणालो.
"मोजणीसाहेब," हसीब म्हणाला,
"नव्हे-नव्हेचा सातबारा झाला,
आता एखादं होय लिहा की."

तव्याच्या बुडासारखा काळा.
शेपटीच्या मुळाशी पांढरं नाही,
गळ्याला फिकी पट्टी नाही,
फक्त पंखांखाली, टोकांकडे, राखाडी काहीतरी
ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यासारखं.
पुस्तकात असा कुणीच नव्हता.
रबर तुटलं तेवढ्यात,
आणि ससाणे, गरुड, गिधाडं
सगळे वाऱ्यावर, बाभळीच्या दिशेनं.

एक पान सोजरबाईनं आणून दिलं,
मेंढरं मागं ठेवून, चित्र उलटं धरून.
"काय हुडकायलाव?"
बोटानं दाखवलं.
"त्यो व्हय. तिसरं वरीस हाय त्याचं.
दिवाळीमागून येतो, पाडव्याला नसतो.
रातच्याला झाडावर न्हाई बसत, गवतातच निजतो."
नाव?
"नाव मला काय ठावं?"
मग आमच्या तोंडांकडे बघून, जरा कीव येऊन,
"दिस बुडला की माझी समदीच मेंढरं काळी.
म्हून काय वळखू येत न्हाईत?
रंग सोडा की वो. चाल बघा."

सोडला रंग.
अवघड गेलं. डोळा पुन्हापुन्हा काळ्यावरच जाई.
मग दिसलं:
चार-पाच सावकाश झापा,
मग पंख उथळ द्रोणासारखे धरून तरंगणं,
जरा या कुशीवर, जरा त्या,
बांधापाशी वळून पुन्हा तीच पट्टी, शेजारच्या तासानं,
कुळव धरल्यासारखी.
भोवत होता.
क्रियापद समोर उडत होतं
आणि आम्ही अर्धा तास नाम शोधत होतो.

"भोवत्या!" हसीब एवढ्यानं ओरडला
की तो खाली बसला, गवतात, दिसेनासा.
आम्ही जवळ गेलो नाही.

वहीत लिहिलं:
भोवत्या. बहुधा माँटेग्यूचा. काळा, जन्माचाच असावा.
संख्या एक.
खात्री: हा रकाना अजून मोकळा आहे.
साक्षीदार सोजरबाई.
"कुत्र्याचं बी लिवा," ती म्हणाली,
"आधी त्यानंच बघितलावता."
लिहिलं.

परतताना फाट्यापर्यंत दीड कोस पायी.
उजेड गेलेला. हसीब पुढे, मी मागे.
अकरा वर्षं एकत्र हिंडतोय;
उजवा खांदा त्याचा खाली उतरलाय,
लग्नांतून कॅमेऱ्याच्या पिशव्या वाहून वाहून,
आणि दर आठ-दहा पावलांनी
तो तो खांदा किंचित झटकतो.
हे मी वहीत लिहिलं नाही.